दातांचा पाठ : तक्ता, खेळ की दोन्ही? दुसरी-तिसरीला शिकवणाऱ्यांचे अनुभव हवेत

फळा_खडू

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात, पेठेतल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. मध्यंतरी आमच्याकडं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला आलं होतं. डॉक्टरांनी टॉर्च लावून एकेकाचं तोंड बघितलं आणि दातांपुढच्या रकान्यात इतक्या खुणा झाल्या, की शेवटी मला ती कार्डं बघवेनात. माझ्या वर्गातला एक मुलगा डबा कायम उजव्या बाजूनंच चावतो, हे मला कितीतरी दिवस दिसत होतं. डावीकडच्या दोन दाढा पोखरल्यात, हे त्या दिवशी कळलं. दुखतं का रे, विचारलं तर म्हणाला, "रोजच दुखतंय की, बाई."

ते वाक्य डोक्यातून जाईना. मग ठरवलं, दातांचा धडा यंदा नुसता उरकायचा नाही.

तिसरीच्या दोन तुकड्या माझ्याकडं आहेत. 'अ'ला नेहमीसारखा पाठ दिला: तक्ता, प्लास्टरचा जबडा, पटाशीचे दात, सुळे, दाढा, दुधाचे २०, कायमचे ३२. फळ्यावर लिहिलं, वहीत उतरवून घेतलं. 'ब'ला मैदानावर नेलं आणि विषामृत खेळलो. राज्य असलेला जंतू, बाकीचे सगळे दात. जंतूनं हात लावला की 'विष', तिथंच उभं राहायचं. दुसऱ्यानं येऊन त्याच्यासमोर ब्रश फिरवल्याची कृती करून 'अमृत' म्हटलं की सुटका. पोरं घामाघूम झाली, घंटा झाली तरी वर्गात यायला तयार नव्हती.

आठवड्यानं दोन्ही तुकड्यांना एकच प्रश्नपत्रिका दिली. दोन्हीकडं उत्तरं चांगली आली, 'ब'ची जरा जास्तच. मला बरं वाटलं.

मग पालकांना विचारून एक गोष्ट केली. मुलांना घरचा ब्रश आणायला सांगितला, नळावर सगळ्यांकडून दात घासून घेतले, आणि मग केकसाठी वापरतात तो खाण्याचा लाल रंग पाण्यात थेंबभर घालून चूळ भरायला लावली. दातावर मळ उरला असेल तिथं तो रंग धरतो. प्रत्येकाच्या हातात आरसा. पुढचे दात बऱ्यापैकी पांढरे, आणि मागच्या दाढा दोन्ही तुकड्यांत लालभडक. पेपरात सगळं बरोबर लिहिणाऱ्या मुलीच्या दाढा सगळ्यात लाल होत्या. ती आरशात बघत राहिली आणि मला म्हणाली, "पण मी घासलो की ओ, बाई."

तिनं खरंच घासले होते, मी समोर उभी होते.

म्हणजे डोक्यात गेलं, हातात उतरलं नाही. तक्त्यानंही नाही आणि खेळानंही नाही. हातात उतरेल असं काय करता येईल? कुणी काही करून बघितलंय का?

---

पांढरा_कोट

बाई, तुम्ही रंग लावून बघितलंत, हे फार महत्त्वाचं केलंत. बहुतेक ठिकाणी प्रश्नपत्रिकेवरच काम थांबतं. मी दंतवैद्य आहे, शाळांत शिबिरं घेते.

दंतमहाविद्यालयांमध्ये असे अभ्यास झालेत: एका गटाला तक्ते, दुसऱ्याला खेळ, आणि नंतर दोघांच्या दातांवरचा मळ मोजायचा. मोजायची पद्धत १९६४ सालची आहे, ओएचआय-एस म्हणतात. ठरावीक सहा दात बघायचे आणि मळ, कीटण (दातावर कडक झालेला मळ) किती, त्याला ० ते ३ गुण द्यायचे. तुम्ही आरसा आणि लाल रंग घेऊन साधारण हेच केलंत.

आता त्या लाल दाढांबद्दल. तिसरीतल्या मुलांच्या तोंडात सगळ्यात मागं जी दाढ आहे ती दुधाची नाही. वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास ती येते, आणि तिच्यासाठी कुठलाच दुधाचा दात पडत नाही. गुपचूप मागून उगवते. म्हणून आईवडलांना वाटतं, ही पण दुधाचीच, पडणारच आहे. माझ्याकडं किडकी दाढ घेऊन येणाऱ्या पालकांचं पहिलं वाक्य हेच असतं. ती पडणार नाही. आयुष्यभर चावायचं तिच्यावरच. वर ती नवी असताना तिच्यावरच्या खाचा खोल असतात, आणि वर येताना पुढच्या दाढेपेक्षा बुटकी असते. ब्रश पुढच्या दाढांवरून सरळ नेला तर तिला टेकतच नाही. गालाकडून आडवा घालून तिच्या माथ्यावर फिरवावा लागतो.

तुमच्या विद्यार्थिनीनं घासलं हे खरंच आहे. तिचा ब्रश तिथं पोचला नाही, इतकंच.

आणखी एक. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांच्या हाताला तेवढी सफाई नसते. आम्ही पालकांना सांगतो: पोरगं बुटाची नाडी स्वतः नीट बांधायला लागेपर्यंत रात्रीचा ब्रश तुम्ही फिरवा.

---

करवीरचा_मास्तर

आम्ही दोन वर्षांपूर्वी सापशिडी केली होती. मोठं फ्लेक्स, मैदानावर अंथरून पोरं स्वतःच सोंगट्या. शिडीच्या पायथ्याला 'रात्री दात घासले', सापाच्या तोंडाशी 'चॉकलेट खाऊन झोपला'. हा खेळ आपल्याकडं मुळात शिकवणुकीसाठीच होता. जुना मोक्षपट म्हणजे सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप, परंपरेनं तो ज्ञानेश्वरांशी जोडतात. त्यामुळं मला फार आशा होती.

दुसऱ्याच डावात एका पोरानं विचारलं, "गुरुजी, मी रोज घासतो, तरी मलाच साप का गिळतोय?" मी गप्प झालो. फासा नशिबाचा आहे. दात नशिबानं किडतात, हे तर आज्ज्या आधीच सांगतात. तेच मी फ्लेक्सवर छापून आणलं होतं.

मग नियम बदलला. सापाच्या तोंडाशी आलास की हातात ब्रश आणि तो प्लास्टरचा जबडा. मी सांगेन ती जागा ('खालची उजवी दाढ, जिभेकडची बाजू') नीट घासून दाखवलीस तर साप गिळत नाही. तेव्हापासून पोरं सापावर पडायची वाट बघतात. बाई, तुम्ही म्हणता ते हातात उतरणं आमच्याकडं इथं थोडं झालं.

---

सरळ_सांगतो

सगळे खेळाच्याच बाजूनं बोलतायत म्हणून लिहितो. फळ्यावरचा पाठ टाकाऊ समजू नका. मी तीस वर्षं शिकवलं. 'सुळा', 'पटाशीचा दात', 'हिरडी', 'वरची डावी दाढ' हे शब्द मुलाला आले नाहीत तर ते दवाखान्यात जाऊन काय सांगणार? गालावर हात ठेवून रडणार. वर मास्तर म्हणतायत 'खालची उजवी दाढ, जिभेकडची बाजू'. हे वाक्य पोराला समजलं ते कुठल्या तरी तक्त्यामुळंच. त्या 'रोजच दुखतंय की' म्हणणाऱ्या मुलाला कुठं आणि कधीपासून हे सांगता आलं असतं, तर ते आधी कळलं असतं.

नावं पाठ करून घ्या. घोकून घ्यायला लाजू नका.

---

फळा_खडू

सर, पटलं. 'अ' तुकडीतल्या मुलांना आरशात बघून नेमकी कुठली दाढ लाल आहे हे सांगता आलं होतं, 'ब'मधली नुसतं बोट दाखवत होती. हे मी बघितलं होतं, पण त्याचा अर्थ तुम्ही लिहिल्यावर लागला.

---

ऊसफडाची_शाळा

मी शिरोळकडच्या भागात साखरशाळेवर काम केलंय. ऊसतोडीला आलेल्यांची मुलं, मुक्काम कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत. गळीत हंगामाचे चार-पाच महिने आमच्याकडं, मग गावाकडं परत. तिथं जबडा, फ्लेक्स, आरसे कसलं काय. म्हणून विषामृत वाचून बरं वाटलं, त्याला काहीच लागत नाही.

तिथं मला पहिला धडा मिळाला तो हा: 'ऊस खाऊ नका' हे वाक्य तिथं बोलता येत नाही. पोर फडातच वाढतंय, भूक लागली की कांडं सोलतंय. आणि मोठी माणसं सांगतात, ऊस चावल्यानं दात घट्ट होतात. चोथ्यानं लाळ सुटते हे खरं, पण रस म्हणजे साखरेचं पाणीच, तो दाढेच्या खाचेत बसतोच. मी एवढंच धरलं: कांडं एका बैठकीत खायचं, दिवसभर चोखत हिंडायचं नाही, आणि संपलं की दोनदा खळखळून चूळ. चुळीची स्पर्धा लावायचो, कुणाची लांब जाते. पाणी मात्र प्यायच्या हंड्यातलं नाही, हे आधी ठरवून.

ब्रश वाटले तेव्हा दुसरी अडचण. एका घरात आठवड्यानं बघितलं तर तीन भावंडांत एकच ब्रश चालू, बाकीचे आईनं 'पुढं लागतील' म्हणून पिशवीत जपून ठेवलेले. तिची चूक नव्हती, जपून वापरायची सवय. पुढच्या खेपेला प्रत्येक ब्रशच्या दांडीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधून, मुलाच्या हातानंच घरी पाठवला. ज्याचा दोरा त्याचा ब्रश.

---

गुऱ्हाळघर

आमचं गुऱ्हाळ आहे म्हणून विचारतोय. साखर वाईट हे ऐकलंय, पण गूळ तर औषधी. मुलाला शाळेतून सांगून पाठवलं की गूळही नको. सकाळी गूळ-शेंगदाणे खाऊन आमच्या तीन पिढ्या वाढल्या. कोल्हापूरच्या गुळाला मानांकन आहे आणि आमचीच पोरं त्याला नाव ठेवणार का?

---

पांढरा_कोट

दादा, गुळाला नाव कुणी ठेवू नये. मीही कोल्हापूरचीच. पण दाताला गूळ आणि साखर यातला फरक कळत नाही. गुळातही बहुतांश साखरच असते, आणि तो चिकट, म्हणून जास्त वेळ रेंगाळतो. दातांवर बसलेले जंतू ती साखर खातात आणि आम्ल सोडतात. त्या आम्लानं दाताच्या वरच्या कवचातलं कॅल्शियम सुटायला लागतं. मग लाळ ते आम्ल हळूहळू धुऊन काढते, झिजलेलं थोडं भरूनही काढते. याला साधारण अर्धा तास लागतो. जेवणाबरोबर एकदा गूळ खाल्ला तर लाळेला उसंत मिळते. दर तासाला खडा तोंडात टाकला तर दात दिवसभर आम्लातच. झोपेत लाळ फार कमी सुटते, म्हणून रात्री गोड खाऊन तसंच झोपणं सगळ्यात वाईट.

तेव्हा शाळेनं 'गूळ नको' म्हणायला नको होतं. 'गूळ जेवणाबरोबर, आणि रात्री दात घासल्यावर पाण्याशिवाय काही नाही' एवढं पुरे.

ब्रशबरोबर पेस्ट फ्लोराइडची हवी, ती कवच पुन्हा घट्ट व्हायला मदत करते. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला मटारच्या दाण्याएवढी, त्याहून लहानग्याला तांदळाच्या दाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर दाखवतात तेवढी नको. घासून झाल्यावर थुंकायचं, पण लगेच भरपूर चुळा भरून ती सगळी धुऊन टाकायची नाही.

---

विज्ञानपेटी

आम्ल मुलांना दाखवायचा प्रयोग आहे, पण आधी माझी फसगत ऐका. खडू लिंबाच्या रसात टाकला, आता फसफसेल म्हणून चाळीस मुलं डोळे लावून बसलेली, आणि काहीच झालं नाही. हल्लीचे खडू बहुधा जिप्समचे असतात, त्यांच्यावर लिंबाचा परिणाम होत नाही. अंड्याचं कवच घ्या. व्हिनेगरमध्ये अख्खं अंडं ठेवलं की लगेच बुडबुडे धरतात आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत कवच विरघळून नुसता पापुद्रा राहतो. पोरांना ते हातात घेऊन दाबून बघू द्या.

मात्र हेही सांगावं: अंड्याचं कवच कॅल्शियम कार्बोनेटचं, दात कॅल्शियम फॉस्फेटचा. दात इतक्या झटपट विरघळत नाही, महिनोन् महिने लागतात. नाहीतर एखादं पोर लिंबू सरबत प्यायला घाबरेल.

---

आज्जीची_पेटी

मी शिक्षिका नाही, सुनेनं हा धागा वाचून दाखवला. आमच्या लहानपणी दात घासायचे ते राखुंडीनं. गोवरीची राख, कधी चुलीतला कोळसा. नाहीतर कडुलिंबाची काडी, चावून चावून तिचा कुंचला करायचा. काडी अजून चांगली म्हणते मी, पण राखुंडी नको. माझे पुढचे दात झिजून पिवळे झाले. डॉक्टरीण म्हणाली, खरबरीत भुकटीनं वरचं कवच गेलं.

दुधाचा दात पडला की शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर टाकायचो. नवा चांगला येऊ दे म्हणायचं आणि वर भिरकवायचा. नातवाचा पडला तेव्हा कौलं नव्हती, स्लॅबवर टाकला. मग दिवा घेऊन त्याचं तोंड बघितलं, नवा कुठून येतोय ते. बाई, दात पडण्याच्या दिवशी पोरं दातांचं सगळं ऐकतात. तो दिवस वाया घालवू नका.

आता खरं लिहायचं ते. मी तीस वर्षं मिश्री लावली. दाढ दुखली म्हणून सुरू केली आणि सुटेना. तंबाखू भाजूनच करतात ती. नातवाला शाळेत कुणीतरी सांगितलं, मिश्रीनं तोंडाचा रोग होतो. तो घरी येऊन माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "आज्जी, तू मरू नको." ओरडला असता तर मी ऐकलं नसतं. सोडायला वर्ष लागलं. आता नाही लावत.

---

फळा_खडू

आज्जी, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझ्या वर्गातही एक मुलगी म्हणाली होती, "आमची आज्जी मिश्री लावती," आणि बाकीची हसली. ती दोन दिवस बोलली नाही. तेव्हापासून मी वर्गात कुणाच्या घरात कोण काय खातं, हे विचारणं बंद केलंय. मिश्रीबद्दल सांगते ते वस्तूबद्दल: ती तंबाखू आहे, आणि टूथपेस्ट-दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२पासून बंदी आहे. माणसाबद्दल बोलत नाही.

---

गोलपोस्ट

इथं कुणी दात पडण्याचं दुसरं कारण लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी पोरांना फुटबॉल शिकवतो. कोल्हापुरात पेठेपेठेत पोरगं चालायला लागलं की बॉलच्या मागं. कोपर लागून पुढचा कायमचा दात मुळासकट बाहेर पडलेला मी बघितलाय. त्या वेळी कुणीतरी तो नळाखाली घासून घासून धुतला आणि कागदात गुंडाळला. दात गेला.

नंतर शिकलो ते असं. दात पांढऱ्या बाजूनं धरायचा, मुळाला हात लावायचा नाही, घासायचा नाही. माती असेल तर दुधात किंवा पाण्यात नुसता बुचकळायचा. जमलं तर त्याच खोबणीत परत बसवून रुमाल चावायला द्यायचा. नाहीच जमलं तर दुधात ठेवून थेट दंतवैद्याकडं. अर्ध्या तासात पोचलं तर आशा चांगली. दुधाचा दात असेल तर मात्र परत बसवायचा नाही.

मी याचा खेळ केलाय. सरावाच्या शेवटी शिट्टी मारून ओरडतो, "दात पडला!" एकजण खडूचा तुकडा टोकाला धरून उचलतो, एकजण कोपऱ्यावरच्या डेअरीकडं दुधाला पळतो, एकजण मोठ्या माणसाला बोलावतो. आता मी न सांगता पोरं कामं वाटून घेतात.

---

डफ_तुणतुणं

दोन मिनिटं घासा म्हणतात, पण पोरांना दोन मिनिटं म्हणजे किती ते कळत नाही. माझी मुलगी वीस सेकंदांत थुंकून मोकळी. घरात शाहिरीची आवड आहे, म्हणून तिच्यासाठी पोवाडा रचला. प्रत्येक ओळीला त्या त्या जागी ब्रश, आणि 'जी जी रं' म्हणेपर्यंत हलायचं नाही. गाणार मी, घासणार ती.

*वरच्या तटाला बाहेरून चढा, उजवीकडून डावीकडं, जी जी रं जी*
*आता तटाच्या आत शिरा, टाळूच्या बाजूनं थोडं थोडं, जी जी रं जी*
*खालच्या तटाची बाहेरची भिंत, हिरडीपासून घ्या वरती, जी जी रं जी*
*जिभेकडची विसरू नका, तिथंच गनीम दबा धरती, जी जी रं जी*
*चावायचं पठार मोकळं करा, पुढं-मागं, पुढं-मागं, जी जी रं जी*
*शेवटी बुरूज, सहाव्या सालाचा, ब्रश आडवा घाला मागं, जी जी रं जी!*

शेवटची ओळ डॉक्टरताईंचा प्रतिसाद वाचून काल घातली. दोनदा म्हटला की दोन मिनिटं आरामात होतात. कुणालाही वापरू दे.

---

फळा_खडू

दीड महिन्यानं लिहितेय, परीक्षा आणि गणपती मध्ये आले.

इथलं बरंच काही वापरलं. क्रम असा लागला: आधी फळ्यावर नावं, घोकून (सर, तुमचं ऐकलं). मग अंड्याचा प्रयोग. मग करवीरच्या मास्तरांची बदललेली सापशिडी, जबडा हातात घेऊन. आणि रोज प्रार्थनेनंतर पोवाडा, रिकाम्या ब्रशनं. पहिले चार दिवस हसाहशी झाली, पाचव्या दिवसापासून मुलंच सुरू करतात.

खरी अडचण घरची निघाली. मुलं सांगायची, रात्री नळाला पाणी नसतं, किंवा ब्रश न्हाणीत उंच फळीवर आहे, किंवा जेवण होईस्तोवर झोप लागते. यातलं एकही कारण माझ्या तक्त्यात नव्हतं. मग पालकसभेत भाषण दिलं नाही. मुलांनीच आईवडलांना आरशात आपली सहाव्या वर्षाची दाढ दाखवली, "ही दुधाची नाही" म्हणून सांगितलं, आणि पोवाडा म्हणून दाखवला. एक बाबा उठून जवळ आले, मुलाच्या तोंडात वाकून बघितलं आणि मला विचारलं, "मग गेल्या साली ही काढून टाकूया म्हणत होतो, ती हीच काय?" ते दुसऱ्या दिवशी त्याला दवाखान्यात घेऊन गेले. दाढ भरून झाली.

गेल्या शनिवारी पुन्हा लाल रंग केला. सगळ्या दाढा पांढऱ्या झाल्या असं नाही. खालच्या दाढा बऱ्याच सुधारल्या, पण वरच्या, गालाकडच्या बाजूनं, अजून लाल राहतात. 'पण मी घासलो की' म्हणणाऱ्या मुलीनं आरसा खाली ठेवला, ब्रश घेतला, तोंड जरा मिटलं आणि परत घासून आली.

पांढरा_कोट ताई, वरच्या दाढेची बाहेरची बाजू मुलांना जमत नाही. काही युक्ती?

---

पांढरा_कोट

तुमच्या विद्यार्थिनीनं ती शोधलीय. मोठा 'आ' केला की गाल ताणला जातो, शिवाय जबड्याचं हाड पुढं सरकून जागा अडवतं आणि ब्रश आत जात नाही. तोंड अर्धवट मिटायचं, जबडा जरा त्या बाजूला सरकवायचा, मग ब्रश घालायचा. आधी स्वतः आरशात करून बघा. आणि ब्रशचं डोकं लहान हवं. घरून मोठ्यांचा ब्रश आणणारी दोन-चार मुलं तुमच्याकडं नक्की असतील.

---

फळा_खडू

पाच निघाली. सोमवारी बदलून देतेय, दांडीला दोरा बांधून.